पंखा बोंबलतो तेव्हा

कोकणातला उन्हाळा पाऱ्यावरून कळत नाही. मे महिन्यात मालवणात 34-35 अंश असतात. अकोल्याचा, चंद्रपूरचा पाहुणा आला की हा आकडा ऐकून हसतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच पाहुणा पडवीत बसून सदरा पिळत विचारतो, "तुमच्याकडे घाम वाळत कसा नाही हो?" हवामान खात्यालाही हा फरक ठाऊक आहे. सपाटीवर कमाल तापमान 40 अंशांवर गेल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचं नाव काढत नाहीत, किनाऱ्यावर 37 पुरतात. तीन अंशांची ही सवलत का, हे इथे दोन दिवस राहिलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

गाडीला मात्र घाम येत नाही, त्यामुळे दमटपणाचं तिला काही वाटू नये. रेडिएटरमधलं, म्हणजे गाडीच्या नाकाशी असलेल्या जाळीत फिरून इंजिन गार ठेवणारं पाणी 90-95 अंशांच्या आसपास असतं आणि बाहेरची हवा 35 ची. मधे 60 अंशांचा फरक. नागपूरला मे महिन्यात हवाच 45 वर जाते, म्हणजे फरक उरतो 50 चा. शाळेतल्या फळ्यावर हे गणित मांडलं तर उत्तर येतं की कोकणातल्या गाडीचा, या जाळीतून हवा ओढणारा पंखा विदर्भातल्या गाडीपेक्षा गप असायला हवा. आणि इकडे दुपारी बारानंतर आमच्या वाडीतून जी गाडी जाते ती बोंबलत जाते. पर्यटकांची चकचकीत मोटार असो नाहीतर आमची जुनी छोटी पेट्रोल गाडी.

गणित चुकलेलं नाही, ते अर्धवट मांडलंय. रेडिएटरच्या पुढे आणखी एक जाळी उभी असते, एसीची. हवा आधी तिच्यातून जाते, मग रेडिएटरमधून. आणि कोकणातल्या एसीला हवा नुसती गार करून भागत नाही, त्याला ती पिळावी लागते. उभ्या गाडीखाली थेंब थेंब पडून जे तळं साचतं ते हेच पिळून काढलेलं पाणी. हवेतल्या बाष्पाचं एक लिटर पाणी करताना साधारण 2,400 किलोज्यूल उष्णता सुटते. वीजबिलाच्या भाषेत बोलायचं तर युनिटाचे दोन तृतीयांश. ती सगळी केबिनमधून उचलून पुढच्या जाळीत आणून टाकायची आणि तिथून बाहेरच्या हवेत घालवायची. नागपूरच्या कोरड्या हवेत हे जादा काम फारसं नसतं. म्हणून आमच्याकडे इंजिन नुकतंच चालू झालेलं असलं, तापमानाचा काटा अजून खालीच असला, तरी एसीचं बटण दाबलं की पंखा लागतो, आणि एसीतल्या गॅसचा दाब चढला की मोठ्या वेगावर जातो.

त्यामुळे आवाज ऐकून "इंजिन तापलं" असं म्हणत रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभे राहणाऱ्यांना मी आधी एसी बंद करायला सांगतो. थोड्या वेळात आवाज उतरला आणि काटा जागेवर असला, तर इंजिनाची काही तक्रार नव्हती. पंखा तुमच्याच गारव्यासाठी राबत होता.

पंखा इतका का ओरडतो, यालाही एक गणित आहे आणि ते फार निष्ठुर आहे. पंख्याचा वेग दुप्पट केला तर वारा दुप्पट मिळतो, पण ताकद आठपट लागते आणि आवाज सुमारे 15 डेसिबलने चढतो. थोडा जास्त वारा हवा असेल तर आवाजाची किंमत भरपूर मोजावी लागते. गाडी बनवणाऱ्यांनाही हे माहीत असतं. म्हणून पुष्कळ गाड्यांत पंख्याला दोन वेग देतात, किंवा एका मोठ्याऐवजी दोन पंखे बसवतात. गाडी बंद आणि गार असताना बॉनेट उघडून पाहा, पात्यांमधलं अंतर बऱ्याचदा सारखं नसतं. ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं, म्हणजे सगळ्या पात्यांचा मिळून एकच सूर लागून कानात घुसत नाही, आवाज विखुरतो. एवढं करूनही दुपारी दोन वाजता तारकर्लीच्या रस्त्यावर जे ऐकू येतं ते येतंच.

शेजारच्या पिकअपची जात वेगळी. ती चालवणारा तरुण हंगामात वाशीच्या बाजारात आंबा पोचवतो. त्याच्या गाडीचं इंजिन लांबीत बसवलेलं, आणि पंख्याला विजेची मोटार नाहीच. इंजिनाच्याच पट्ट्यावर तो फिरतो. मधे एक चपटा डबा असतो, कंगोऱ्यांचा, त्याला मेस्त्री लोक व्हिस्कस म्हणतात. आत सिलिकॉनचं दाट तेल. डब्याच्या तोंडावर दोन धातूंची एक गुंडाळलेली पट्टी असते. रेडिएटरमधून येणारी हवा गार असेल तर ती झडप मिटून ठेवते, तेल बाजूच्या कप्प्यात राहतं आणि पंखा इंजिनामागे रेंगाळत, निसटत फिरतो. हवा तापली की पट्टी वळते, झडप उघडते, तेल डब्यातल्या चकत्यांच्या मधे शिरतं आणि पंखा इंजिनाला घट्ट धरतो. मग अॅक्सिलरेटर दाबला की घोंघाट चढतो, सोडला की उतरतो. विजेच्या पंख्याचं तसं नाही. त्याला गाडीच्या वेगाशी देणंघेणं नसतं, लागला की एका सुरात लागतो. नुसत्या कानाने एवढा फरक ओळखता आला तरी अर्धं निदान होतं.

या व्हिस्कसची एक खोड मला फार आवडते. रात्रभर गाडी उभी राहिली की कप्प्यातलं तेल झिरपून परत चकत्यांमधे येऊन बसतं. म्हणून पहाटे, सगळं गार असताना, गाडी चालू केल्या केल्या पंखा जोरात गरजतो आणि थोडं अंतर गेल्यावर आपोआप ढिला पडतो. आंब्याच्या दिवसांत आमची वाडी या आवाजाने जागी होते. पलीकडच्या आजी खिडकीतून दर खेपेला त्याच काळजीने विचारतात, "गाडी बिघाडली काय रे?" आणि तो पेट्यांवर ताडपत्री ओढता ओढता म्हणतो, "आवाज येता तवसर बरा, आजी. गप रवलो काय आंबो घाटातच पिकतलो."

त्याचं खरं आहे. व्हिस्कस दोन तऱ्हांनी जातो. आत अडकून बसला तर पंखा कायम गरजतो, डिझेल जास्त जातं, गाडी जड वाटते. माणूस वैतागतो, पण पोचतो. तेल गळून गेलं तर मात्र पंखा शांत, डोक्याला ताप नाही, आणि सपाटीवर काही कळतही नाही. फोंडाघाटाच्या चढावर कळतं. इंजिन बंद आणि गार असताना पंखा हाताने फिरवून पाहावा. किंचित अडखळत फिरून थांबला तर ठीक. मोकाट गरगरत राहिला, किंवा डब्यावर तेलाचे ओघळ दिसले, तर मेस्त्रीकडे जावं. विजेच्या पंख्याला मात्र असा हात लावू नये. चावी खिशात असली तरी तो आपल्या मर्जीने लागू शकतो. गाडी बंद केली की पाणी फिरायचं थांबतं, इंजिनातली धग तशीच असते, म्हणून कित्येक गाड्यांत पंखा मागाहूनही काही वेळ चालतो. दाभोळ-धोपावेच्या फेरीबोटीवर सगळे इंजिनं बंद करतात, तरी दोन-चार गाड्यांचे पंखे घोंघावत असतात. एखादा नवखा मालक घाबरून परत चावी लावतो, बंद करतो, परत लावतो. त्याला बाजूचा कुणीतरी सांगतो, "राहू दे, होईल बंद."

फोंडाघाटाचा विषय निघालाच आहे तर वाऱ्याचं सांगतो, कारण माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे असतात. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे खारे, रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई. मार्चमध्ये कधी पूर्वेचा वारा दुपारपर्यंत हटतच नाही, खारा वारा उशिरा येतो, आणि त्या दिवशी किनाऱ्यावरचा पारा सपाटीवरच्यासारखा वागतो. एरवी मे महिन्यात दुपारी वारा पश्चिमेचा. आपण कणकवलीहून फोंडा, फोंड्याहून दाजीपूर असं घाट चढतो तेव्हा तोंड कुठे असतं? पूर्वेला. गाडी ताशी 25 किलोमीटरने चढतेय आणि उघड्या वळणावर मागून 15-20 चा वारा आहे, तर गाडीच्या नाकाला लागणारी हवा किती उरली? जवळजवळ काहीच नाही. इंजिनावर चढाचा पुरा भार, इंधनातली साधारण एक तृतीयांश उष्णता रेडिएटरच्या गळ्यात, आणि पुढून येणारा फुकटचा वारा गायब. सगळं पंख्यावर. म्हणून दुपारी वर जाताना जी गाडी सगळा घाट बोंबलत चढते तीच संध्याकाळी उतरताना समोरून वारा घेत गप येते. उतारावर भार नसतो हे तर आहेच, पण वाऱ्याचा वाटा लोक धरत नाहीत. होडीवाल्याला हे सांगावं लागलं नसतं.

दुपारी घाट चढायचाच असेल तर मी खालच्या गिअरमध्ये, इंजिन थोडं फिरतं ठेवून जातो, म्हणजे पाण्याचा पंपही फिरता राहतो. काटा वर सरकायला लागला की एसी बंद आणि काचा खाली. त्याहून वर गेला तर हीटर पूर्ण चालू. मे महिन्यात हीटर लावला की गाडीतले सगळे माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघतात, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच, इंजिनाची काही धग तो आपल्या अंगावर घेतो. आणि थांबून काहीही करा, गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं म्हणूनच शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो आणि ते एकदम उसळतं. हाताचं, तोंडाचं भाजणं डॉक्टरकडे नेतं.

हाच वाऱ्याचा न्याय उभ्या गाडीला. मे महिन्यात तारकर्ली-देवबागला पर्यटक समुद्रात आणि ड्रायव्हर एसी लावून गाडीत झोपलेला, हे दृश्य रोजचं. त्याच्या झोपेबद्दल माझी तक्रार नाही, रात्रभर त्याने गाडी चालवलेली असते. पण गाडी लावलेली असते जांभ्याच्या गडग्याला नाक टेकवून. पंखा पुढून हवा ओढतो, मागे तापवून सोडतो, ती गाडीच्या पोटाखालून पुढे येते, गडग्याला अडते आणि परत जाळीत शिरते. तापलेलीच हवा पुन्हा पुन्हा. मग पंखा थांबणार कधी? तीच गाडी फिरवून, तोंड समुद्राकडे करून लावली तर खारा वारा आयता जाळीत शिरतो. मी एकदोघांना काचेवर टकटक करून हे सुचवलं. एकाने ऐकलं. दुसऱ्याने काच वर केली.

आता आमच्या गाडीचं. गेल्या उन्हाळ्यात तिचा पंखा लागला की थांबायचं नाव घेईना. घाटीचा चढ चढून सड्यावर, वरच्या पठारावर आलो, मोकळा वारा लागला, तरी चालूच. मालवणच्या बाहेर एका मेस्त्रीकडे नेली. तो जुन्या विद्यार्थ्याचा मोठा भाऊ, म्हणून मला मास्तर म्हणतो. मी पंखा बदलण्याच्या तयारीने गेलो होतो. त्याने बॉनेट उघडलं, आवाज ऐकला, मग गाडीच्या पुढ्यात उकिडवा बसून जाळीसमोर कागदाचा तुकडा धरला. पंखा जोरात चालत असेल तर कागद जाळीला चिकटायला हवा. तो मधल्या भागात चिकटला आणि खालच्या अर्ध्यात गळून पडला.

"मास्तरांनू, पंखो बोंबलता म्हणून पंख्याक कित्याक मारतास? वारो खयसून येतलो ता बघा आधी."

बंपर उतरवला, वरच्या कड्या सोडवल्या आणि एसीची जाळी रेडिएटरपासून चार बोटं पुढे कलली. दोन्हींच्या मधे गोधडीसारखा थर बसला होता. मेस्त्रीने स्क्रूड्रायव्हरने एक कोपरा उचलला तर हातभर लांबीची पट्टीच सोलून आली. त्यात सुरूच्या काड्या, चतुरांचे पंख, भाताचं तूस, लाल माती, आणि हे सगळं मिठाच्या ओलीने एकमेकांत गुंतलेलं. समुद्राजवळ सावली म्हणून आपण सुरूच्या बनात गाडी लावतो, तिची ही वर्गणी. खालच्या कोपऱ्यात जाळीच्या पातळ पट्ट्या पांढुरक्या झाल्या होत्या. बोट लावल्यावर भुगा झाला. खाऱ्या हवेत अॅल्युमिनियम असंच जातं, आणि मीठ मातीच्या ओल्या थराखाली दबून राहिलं तर लवकर जातं.

धुण्याची त्याची पद्धत मी बघत बसलो. गाडी धुवायचा जोराचा पंप त्याने बाजूला ठेवला. त्या धारेने जाळीच्या पट्ट्या आडव्या होतात आणि उरलासुरला वाराही बंद. साधी नळी, शाम्पूचं पाणी आणि रंगाचा मऊ ब्रश. पाणी मारायचं ते इंजिनाच्या बाजूने बाहेर, म्हणजे कचरा आला त्या वाटेने जातो. पुढून मारलं तर तो आणखी आत ठासतो. आधी पाणी लाल आलं, मग राखाडी, खूप वेळाने स्वच्छ. मधे चहा झाला, एका रिक्षाचं क्लच केबलचं काम झालं.

बंपर परत लावताना त्याला आणखी एक गोष्ट दिसली. रेडिएटरच्या दोन्ही अंगांना प्लास्टिकचे आडोसे आणि रबरी पट्ट्या असतात. त्या नसल्याच. कधीतरी बंपरला मार लागला होता, तो एका ठिकाणी दुरुस्त करून घेतला, तेव्हा त्यांनी त्या परत बसवल्याच नाहीत आणि बिलावर मात्र "फिटिंग" लिहिलं. दिसायला फालतू वस्तू. पण त्या नसल्या की पुढून येणारा वारा जाळीतून जाण्याऐवजी बाजूच्या फटीतून निसटतो आणि इंजिनाकडची गरम हवा त्याच फटीतून पुढे येते. मेस्त्रीने जुन्या रबरी मॅटच्या पट्ट्या कापून बसवल्या. ओबडधोबड आहेत, काम करतात.

पंखा गप झाला का? नाही. एसी लावला की आजही लागतो, दुपारी मोठ्यानेच लागतो. पण काम झालं की थांबतो. सड्यावर येईपर्यंत तर नक्कीच.

आवाज बंद करण्याचे दुसरेही रस्ते आहेत, आणि आमच्याकडे ते आवडीने सांगितले जातात. "थर्मोस्टॅट काढून टाक" हा सगळ्यात लाडका. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. काढला की इंजिन तापायला वेळ घेतं, सपाट रस्त्यावर कायम गार चालतं, पेट्रोल जास्त पितं. आणि जाळी तुंबलेली असेल तर घाटात तरीही तापतंच. दुसरा, पंखा "डायरेक्ट" करून डॅशबोर्डवर बटण देणं. घरातल्या छताच्या पंख्याला 75 वॅट लागतात, हा दोन-तीनशे खातो. तो कायम चालू ठेवला तर मोटारीचे कार्बन झिजतात आणि बटण विसरलं तर बॅटरी बसते. तिसरा, कूलंट (रेडिएटरमध्ये घालायचं तयार द्रव) महाग म्हणून विहिरीचं पाणी. समुद्राच्या कडेच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं हे चहा पिणाऱ्याला कळतं, मग रेडिएटरला का पाजायचं?

अर्थात पंख्याचाच दोष असू शकतो, तो वेगळा ऐकू येतो. नुसता वाऱ्याचा घोंघाट असेल तर ते काम. त्यात कर्रर्र मिसळली तर बुश किंवा बेअरिंग. मिठाच्या हवेत ही लवकर बोलायला लागतात. टक-टक-टक अशी लय असेल तर काहीतरी पात्याला लागतंय, भोवतालचं प्लास्टिकचं कडं तडकलंय किंवा पिशवी अडकलीय. आणि स्टिअरिंगपर्यंत थरथर येत असेल तर एखाद्या पात्याचा तुकडा गेलाय. ती गाडी तशीच चालवू नये. आमच्या गाडीची कर्रर्र आता सुरू झाली आहे. पंख्याची मोटार बदलायची, आणि ती पावसाआधी, असं मेस्त्रीचं म्हणणं. जूनमध्ये ओहोळाचं पाणी रस्त्यावर येतं, तेव्हा कुरकुरणारी मोटार भिजून कायमची बसते.

नवी मोटार सांगायला गेलो तेव्हा त्याने एक सूचना फुकट दिली. "पाण्यात घालताना एसी बंद करा, मास्तरांनू. पंखो पाण्यात फिरूक लागलो काय पाती जाळयेत घुसतत." जोरात फिरणारं प्लास्टिकचं पातं पाण्याला लागलं की पुढे वाकतं आणि रेडिएटर कापतं. जुने जीपवाले तर पाण्यात घालण्याआधी पंख्याचा पट्टाच उतरवून ठेवत. एसी बंद केला की पावसात काच आतून धुकट होते, म्हणून शेजारी बसणाऱ्याच्या हातात आधीच एक कोरडं फडकं द्यायचं.